अबोल्याचा नववा दिवस

तांदूळ वाळवायला आमच्या घरात ऊन नव्हतं, म्हणून आई ते हॉट प्रेसमध्ये वाळवायची. गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेलं ते कपाट. कपाटाला 'प्रेस' म्हणायचं हे आम्ही शेजारच्या नोराकडून शिकलो, आणि शिकल्यावर आईच्या तोंडी ते असं बसलं की भारतात गेल्यावरही ती मावशीला "प्रेसमधला डबा काढ" सांगायची. गावातले बाकीचे लोक त्यात टॉवेल आणि चादरी उबदार ठेवत. आमच्याकडे दिवाळीच्या आधी टॉवेल जिन्याच्या कठड्यावर यायचे आणि त्यांच्या जागी एका जुन्या पंच्यावर तांदूळ पसरलेले असायचे. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले, किंचित आंबूस वासाचे. माझी मैत्रीण ईफा एकदा नाक उडवत म्हणाली, "कसला वास येतोय गं?" मी म्हटलं, गटार तुंबलंय. पंधराव्या वर्षी मला अनारशांपेक्षा गटार कमी लाजिरवाणं वाटायचं.

हे प्रकरण मी टाळत आले. आधीची प्रकरणं लिहून झाली, पुढचीही दोन झाली, आणि हे एक मध्ये रिकामं राहिलं. आता चाळिशी ओलांडून बरीच वर्षं झाली आहेत. गेल्या वर्षी एक छोटा डबा माझ्या हातात आला, त्याबद्दल शेवटी सांगेन. तो आला नसता तर कदाचित हे रिकामंच राहिलं असतं.

आम्ही तेव्हा किलशानाला राहत होतो. मलिंगारहून अर्ध्या तासावर, इनी नदीच्या काठचं गाव. एक चर्च, एक पब, एक दुकान आणि नदीवरचा दगडी पूल. बाबांचं ऑफिस स्वोर्ड्सला, विमानतळाजवळ. ते सकाळी अंधारात निघायचे आणि अंधारात यायचे. घराच्या मागे पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागे नोराचं शेत. नोरा साठीची, एकटी राहणारी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणारी बाई. नदीकाठच्या सॅलीच्या, म्हणजे एका जातीच्या वाळुंजाच्या, काड्यांच्या ती टोपल्या विणायची.

आजोबा आले ते आजी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. वर्ध्याहून. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत चाळीस वर्षं फिटर होते. आले होते तीन महिन्यांसाठी, पण एके दिवशी जेवताना त्यांनी बाबांना सांगितलं, "मी इथीसाच राहतो गा. मले गमते इथं." बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून फॉर्म छापून आणले. ते फॉर्म जेवणाच्या टेबलाच्या कडेला मिठाच्या बरणीखाली ठेवलेले असायचे, आणि रोज रात्री बाबा त्यातला एखादा रकाना भरायचे.

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. सकाळी ते नोराच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. तिथल्या गावाकडच्या रेडिओवर रोज सकाळी कोण कोण वारलं याची यादी वाचतात; नाव, गाव, अंत्यविधी कुठे. नोरा कान देऊन ऐकायची आणि आजोबा प्रत्येक नावाला हात जोडायचे. मग दोघं शेडमध्ये. ती टोपली विणायची, ते बघायचे, दोघंही आपापल्या भाषेत बोलायचे. नोरा त्यांना 'युअर मॅन' म्हणायची, तिकडच्या बोलीत 'हा गडी'. "युअर मॅन आज मला शिव्या देत होता बहुतेक, पण फार गोड आवाजात," असं एकदा तिने आईला सांगितलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "शिव्या कायच्या? म्या म्हटलं, काडी वली हाय, वाळू दे. बुढी आयकतच नाई."

आणि त्यांचे कान. कानांबद्दल मला नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यंत्राच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात म्हणतात. आजोबांचे गेले नव्हते, धारदार झाले होते. बाबांची गाडी पुलावर आली की ते आईला म्हणायचे, "चहा ठेव व, आला तो." आम्हाला काहीही ऐकू आलेलं नसायचं. पुढे त्यातही, "पट्टा घासून राहिला गाडीचा, सांगजो त्याले." आणि पट्टा खरंच घासत असायचा. पण हे सगळं चार-पाच महिन्यांतलं. बाबा दिवसभर घराबाहेर, आई तिच्या कामात. हे कोणी लक्षात ठेवलं नाही. मी ठेवलं.

आता अबोल्याचं. गावाबाहेर हँडबॉल खेळायची एक जुनी उंच भिंत होती, तिच्या आडोशाला आम्ही मुलं सुट्टीत जमायचो. मी, ईफा आणि दोन मुलगे. सिगरेट एकच होती, ती फिरत होती, आणि नेमकी माझ्या हातात आली तेव्हा आजोबा माकडटोपी घालून, हातात काठी घेऊन समोर उभे. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "थंडी हाय. स्वेटर घालत जा." आणि गेले. मुलांनी विचारलं काय म्हणाला, मी सांगितलं नाही, तर त्यांनी आपल्या मनानेच त्या बोलण्याची नक्कल सुरू केली. दुसऱ्या दिवशी सगळी बस ती नक्कल करत होती. घरी आल्यावर आईचा चेहरा बघूनच कळलं. आजोबांनी सांगितलं होतं, "पोट्टी बिडी ओढून राहिली." आईने माझं हॅलोविनच्या डिस्कोला जाणं बंद केलं. आख्खं वर्ष ज्याची वाट बघितली तो डिस्को! मी आईला इंग्रजीत काय काय बोलले ते आज लिहिण्यासारखं नाही. शेवटी मराठीत म्हटलं, कारण आजोबांना कळायला हवं होतं, "आजपासून मी यांच्याशी बोलणार नाही."

आमच्या घराण्यात अबोला ही जुनी गोष्ट. आजीने म्हणे एकदा सगळा पावसाळा आजोबांशी अबोला धरला होता आणि त्यात तीन वेळा पुरणपोळ्या केल्या. त्याचे नियम सगळ्यांना पाठ. सेवा थांबवायची नाही, ताट वाढायचं, पाणी द्यायचं, पण शब्द नाही. निरोप तिसऱ्याकडून. आणि जो आधी बोलेल तो हरला.

"आई, त्यांना सांग, मीठ दे."

"पोरीले सांग व, मीठ तिच्याच हातापाशी हाय."

"आई, त्यांना सांग, दिसलं."

"तिले सांग, दिसलं तं घे."

बाबा हसायचे. आई वैतागायची, "मी काय पोस्टमन आहे का?" आजोबांच्या डोळ्यांत मात्र गंमत होती. त्यांना हा खेळ आजीची आठवण करून देत असावा, असं आता वाटतं. मला ती गंमत दिसायची आणि तिचाच जास्त राग यायचा.

नवव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दिवाळी दोन दिवसांवर. त्या वर्षीचे अनारसे हा आईच्या अब्रूचा प्रश्न होता. आदल्या दिवाळीत स्वोर्ड्सला सगळी मराठी कुटुंबं जमली होती आणि आईचे अनारसे तुपात हसले होते, म्हणजे विरघळून त्यांचा नुसता चुरा झाला होता. तरी तिने ते नेले. पुण्याच्या एका बाईंनी चमच्याने खाऊन म्हटलं होतं, "छान झालाय हो शिरा." आई वर्षभर ते विसरली नव्हती. त्यामुळे या वेळी नियम कडक. अनारसे तळताना स्वयंपाकघराचं दार बंद. आत कोणी यायचं नाही, हाक मारायची नाही, किती झाले विचारायचं नाही. तिच्या आईचा नियम होता तो, आणि तिच्या आजीचा. दाराआडून तुपाची चर्र आणि गूळ-खसखशीचा वास येत होता. आजोबा शेडमध्ये आकाशकंदील करत होते. बांबू मिळाला नाही म्हणून नोराने सॅलीच्या काड्या सोलून दिल्या होत्या.

बाहेरची हवा विचित्र होती. त्या महिन्यात इतकी गरम हवा नसते. दक्षिणेकडून वारा येत होता आणि आभाळ जुन्या पितळी भांड्यासारखं हिरवट झालं होतं. जेवण होऊन तास-दीड तास झाला असेल. फोन वाजला. घरात इंग्रजी फोन उचलायचं काम माझं.

"पेट, सगळे आत आहात ना?" नोरा; मला ती लाडाने 'पेट' म्हणायची. दम लागलेला. "क्लूनबेगच्या हॉलचं छप्पर गेलं. भोवरा आहे वाऱ्याचा, एक नाही, दोन-तीन आहेत म्हणे. रॅथनारला माझी बहीण बोलत होती, बोलता बोलता तिचा फोनच बंद पडला. नदीच्या काठाकाठाने वर येतंय ते. तुम्ही जिन्याखाली बसा. आणि आजोबांना त्या शेडमधून आत घे. लगेच, ऐकलंस?"

मी म्हटलं, "ग्रँड, नोरा. थँक्स."

आणि फोन ठेवला. ऐकलं होतं मी. सगळं नीट ऐकलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. हात वर केला ठोठावायला. आतून आईची चाहूल आली, झारा कढईच्या काठावर आपटल्याची, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "हां, असा. असाच फुल बाळा." अनारसे जमत होते. मी हात खाली घेतला. मग मागच्या दारापाशी गेले आणि कडी काढली. शेड वीसेक पावलांवर. दार उघडं, आत आजोबा स्टुलावर बसलेले, मांडीवर कंदिलाचा सांगाडा. वाऱ्यात पत्रा वाजत होता, तरी कडीचा आवाज त्यांनी ऐकला आणि मान वर केली. माझ्याकडे बघितलं. भुवया उंचावल्या. काय, म्हणून. आणि थांबले.

एक शब्द पुरला असता. "या." एवढाच. नुसता हातही पुरला असता. पण त्यांच्या डोळ्यांत ती गंमत होती, आता ही बोलते बघ अशी, आणि मला वाटलं, नाही. हरायचं नाही. आईचा हा घाणा निघाला की आईला सांगेन, आई त्यांना सांगेल. आमच्या घरात निरोप असाच जायचा. मी दार लावून घेतलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. घाणा निघायची वाट बघत.

खरं सांगायचं तर मला तेव्हा भीती वाटलीच नव्हती. वारा म्हणजे वारा. आयर्लंडमध्ये वारा रोजच असतो. मुलगी लहान होती, तिला काय कळणार, असं कोणी म्हणेल. मी स्वतःला तसं पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. पण 'लगेच' या शब्दाचा अर्थ मला कळत होता.

आधी पावसाची जोराची सर आली आणि कानांत दडे बसले, विमान उतरताना बसतात तसे. मग पाऊस एकदम थांबला. मग आवाज आला. आजोबा पुढे म्हणाले, साऱ्या गावचे जिन एका टायमाला चालू केल्यासारखा. मला तो मालगाडीसारखा वाटला, अशी मालगाडी की जी घराच्या आतून चालली आहे. मागच्या खिडकीची काच फुटली. वर काहीतरी घसरत गेलं, त्या आमच्या छपराच्या कौलांच्या दोन ओळी होत्या. आणि झालं. एवढंच. मिनिटभरही नसेल. त्यानंतरची शांतता इतकी होती की आतली चर्र ऐकू येत होती.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. हातात झारा घेतलेली आई. "अगं काय झालं? बाबा कुठायत?" सासऱ्यांना ती बाबाच म्हणायची.

शेड नव्हती. चार खांबांपैकी एक उभा होता आणि पत्रे नोराच्या शेतात, एक तर पलीकडच्या झाडात वाकून अडकलेला. आजोबा आडव्या पडलेल्या तुळईखाली होते, कपाळातून रक्त, डोळे उघडे. आईने तुळई उचलायचा प्रयत्न केला. मी उभी होते. नोरा शेतातून धावत आली, तिच्या एका पायात बूटच नव्हता. तिघींनी मिळून तुळई सरकवली. रस्त्यावर झाडं पडलेली, रुग्णवाहिकेला यायला फार वेळ लागला. तेवढ्या वेळात आजोबा माझ्याशी नाही, आईशीही नाही, नोराशी बोलले. "बुढे, तुव्हा बूट कुठी गेला?" नोराला कळलं नाही, पण तिने त्यांचा हात धरला. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, तिने विचारलं, "मी फोन केला होता, पेट. सांगितलं नाहीस त्यांना?"

आईला एवढं इंग्रजी येत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात तिला गॅस आठवला आणि ती आत पळाली. शेवटचा घाणा कोळसा झाला होता. मी उत्तर दिलं नाही. आई परत आली, पुन्हा बघितलं, तेव्हाही दिलं नाही.

नदीच्या काठच्या चार गावांत त्या दुपारी असे भोवरे उतरले. क्लूनबेगचा हॉल, रॅथनारच्या पेट्रोल पंपाचं छत, खालच्या वळणावरची गोठ्यांची रांग. काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे गठ्ठे झाडांवर, एका चर्चच्या दारात कोणाच्या तरी अंगणातली घसरगुंडी. कोणी गेलं नाही, हे सगळे पुन्हा पुन्हा म्हणत होते, म्हणायला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर घेऊन लोक एकमेकांची कौलं चढवायला लागले. आमची नोराच्या भाच्यांनी चढवली. आठवड्याने रॅथनारचा एक शेतकरी कंदिलाचा सांगाडा घेऊन नोराकडे आला; काटेरी झाडात अडकलेला सापडला होता. सॅलीचं काही असेल तर ते नोराचं, एवढं त्याला माहीत होतं. सहाही कोन शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलिंगारच्या हॉस्पिटलात आम्ही आजोबांच्या खाटेभोवती उभे होतो. खुबा मोडला होता, डोक्याला टाके. बाबा दाराशी वर्ध्याला काकांना फोन लावत होते. तरुण डॉक्टरीण आजोबांना काय आठवतंय ते तपासत होती आणि उत्तरं इंग्रजीत करून सांगायला आईने मला पुढे ढकललं होतं. प्रश्न आईच विचारत होती. नाव, वार, गाव, सगळं बरोबर आलं. मग आईने स्वतःचा प्रश्न विचारला. मला माहीत होतं ती विचारणार.

"बाबा, नोराचा फोन आला होता म्हणे आधी. हिने तुम्हाला सांगितलं नाही का?"

आजोबांना फोनबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्या एका नजरेत त्यांना सगळा हिशोब कळला. कडी, दार, मी का थांबले आणि का वळले. बाबांनी फोन कानावरून खाली घेतला होता. मग आजोबांनी मान आईकडे वळवली.

"आलती ना पोरगी. दारात उभी राहून आवाज देत होती. म्याच नाई आयकलं. पत्रा वाजून राहिला होता. अन् कान बी आता पैल्यासारखे नाई राहिले."

"काय म्हणताहेत?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. इंग्रजीत, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते म्हणताहेत, मी हाका मारल्या, त्यांनाच ऐकू आलं नाही. ते वाक्य त्यांचं होतं, पण खोटं माझं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मला आजही आठवतो. बाबा म्हणाले, "मला वाटतच होतं. जिनिंगमध्ये चाळीस वर्षं. कान जाणारच."

पुढे सगळं त्या वाक्याच्या धाग्याने उसवत गेलं. आजोबा घरी आले, खालच्या खोलीत झोपायला लागले. मी चहा नेऊन ठेवायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. तो अबोला नव्हता. मला तोंडच नव्हतं. आईने त्यानंतर कधी अनारसे केले नाहीत. "मी दार लावून बसले ना," एवढंच म्हणायची. आजही ती तळण करते तेव्हा दार उघडं असतं, आणि धूर घरभर होतो, आणि धुराचा अलार्म वाजतो, आणि कोणीतरी उठून तो बंद करतं.

बाबांनी कानांच्या तपासणीची वेळ घेतली. ते बाहेर गाडीत ऑफिसचा फोन घेत होते, म्हणून आत मी गेले. काचेची एक खोली, त्यात आजोबा, डोक्यावर हेडफोन, हातात वायरला जोडलेलं बटण. तपासणाऱ्या माणसाने मला सांगितलं, त्यांना समजाव. तेव्हा इतक्या आठवड्यांनी मी आजोबांशी पहिलं वाक्य बोलले.

"आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी."

"बरं," ते म्हणाले. अबोला असा सुटला.

मी काचेच्या या बाजूला बसले. माणूस एकेक आवाज पाठवत होता. त्याच्या यंत्रावर एक हिरवा दिवा लागायचा. दिवा लागला की आजोबांच्या भुवया किंचित हलायच्या. अंगठा बटणावर असायचा. दाबला जायचा नाही. दिवा, भुवया, अंगठा स्थिर. मोठ्या आवाजांना ते दाबत होते, बारीक सगळे सोडून देत होते, आणि तेही बेताने, फिटरच्या हिशोबाने, दोन्ही कानांना सारखं. मी बघते आहे हे त्यांना माहीत होतं. माणसाने कागदावर उतरती रेघ काढून दाखवली. दोन्ही कान अधू.

बाहेर बाकावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. त्यांच्या मांडीवर तिथूनच मिळालेला कानाच्या यंत्राचा डबा. मी सगळा जीव गोळा केला आणि हळू, ओठातल्या ओठात म्हटलं, "आजोबा, तुम्हाला ऐकू येतं."

ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कोणी काई म्हटलं काय?"

आणि थोड्या वेळाने, "चहा भेटते काय व इथं कुठी?"

मिठाच्या बरणीखालचे फॉर्म नाताळच्या आत उचलले गेले. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभर अशा ठिकाणी ठेवायचं कसं, उद्या पुन्हा काही झालं तर, असं बाबा म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हतं. आजोबांनी एकदाच विचारलं, "राहू दे ना गा. मी शेडात नाई जाणार." बाबा मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला, ऐकू, येत, नाही." आजोबांनी मान डोलावली. मी टेबलापाशीच होते. तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्याकडून येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. निघताना नोराने त्यांना एक टोपली दिली. ती तिच्या हातात असतानाच त्यांनी आधी काडी वाकवून पाहिली, म्हणाले, "आता वाळली बराबर," आणि मग घेतली.

त्यानंतर अकरा वर्षं ते वर्ध्याला काकांकडे राहिले. दर रविवारी बाबा फोन करायचे आणि आमचं घर हादरायचं. "आप्पा! जेवलात का? जे-व-लात का?" पलीकडून आजोबांचा शांत आवाज यायचा. घरात तो विनोदच झाला होता, मोठ्याने बोलणाऱ्याला 'वर्ध्याला फोन लावलाय का' म्हणायचं. मीही म्हणायची.

गेल्या वर्षी मी वर्ध्याला गेले तेव्हा काकूने आजोबांच्या वस्तूंतून तो डबा काढून दिला. "तुझ्या बाबांनी घेतलं होतं, तूच ने." आत कानाचं यंत्र होतं आणि सेलची पाकिटं. काकू म्हणाली, दिवसभर घालून असत, कोणी आलं की मुद्दाम हात लावून नीट करत. मी यंत्राचं झाकण उघडलं. या सेलना एक बारीक रंगीत चिकटपट्टी असते. ती काढल्याशिवाय सेल चालू होत नाही. पट्टी तशीच होती. पाकिटांतल्या एकेका सेलवरही. यंत्र कधी चालूच झालं नव्हतं.

आता मी स्वोर्ड्सला राहते, आई-बाबा दोन गल्ल्या सोडून. डबा महिनाभर माझ्या प्रेसमध्ये पडून होता. मग एका दुपारी आई खरेदीला गेली असताना मी तो बाबांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं. फोन, दार, कडी, हॉस्पिटल, काचेची खोली, बाक. काही गाळलं नाही. बाबा ऐकत होते. मला ओरडा हवा होता. इतकी वर्षं मी त्या ओरड्याची तयारी करून ठेवली होती.

बाबांनी यंत्र उचललं, बोटाने ती पट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाले,

"अकरा वर्षं मी आप्पांशी ओरडून बोललो गं. जे हळू बोलायचं असतं ते कधी बोललोच नाही."

हे ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.